पुलीवर नेमकं किती बळ येतं? बेल्ट ड्राइव्हचा हिशोब, पायरी-पायरीने

भोसरी, चाकण, शिवणे, नऱ्हे, कुठल्याही छोट्या कारखान्यात मेंटेनन्सच्या माणसाशी बोला, एक तक्रार हमखास ऐकू येईल: पुलीच्या बाजूचं बेअरिंग टिकत नाही. बेअरिंग बदलतात, कंपनी बदलतात, ग्रीस बदलतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच घुमणारा आवाज. अशा वेळी मी आधी बेअरिंगकडे पाहत नाही, बेल्टला हात लावून बघतो. बहुतेक ठिकाणी तो तारेसारखा ताणलेला असतो. "सैल राहिला तर घसरतो, म्हणून जरा कसून ठेवलाय," हे उत्तरही ठरलेलं.

हे "जरा कसून" म्हणजे किती, हे आकड्यात मांडता आलं पाहिजे. डिप्लोमा करून नुकतेच कामाला लागलेले, आयटीआयचे फिटर, अप्रेंटिस, सगळ्यांनाच. गणित अकरावीच्या पलीकडचं नाही, फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. पण एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की डोक्यात बसवा, कारण सगळा लेख तिच्याभोवती आहे. बेल्ट मशीनला फिरवण्यासाठी जेवढं ओढतो, त्यापेक्षा बरंच जास्त बळ तो शाफ्टवर टाकतो. फिरवायला उपयोगी पडते ती दोन ताणांची वजाबाकी. शाफ्ट आणि बेअरिंग सोसतात ती दोन ताणांची बेरीज.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. पुण्यातल्या कुठल्याही पेठेत किंवा वस्तीत असते तशी पिठाची गिरणी घ्या. मोटर साडेसात एचपी, म्हणजे ५.५ किलोवॅट, १४४० आरपीएम. मोटरवर १५० मिमीची पुली, चक्कीच्या शाफ्टवर ४५० मिमीची. दोन शाफ्टमधलं अंतर ७५० मिमी. बेल्ट व्ही-बेल्ट, म्हणजे पाचरीच्या आकाराचे, पुलीच्या खाचेत बसणारे. बी सेक्शनचे (बी हे बेल्टच्या जाडी-रुंदीचं ठरलेलं माप), दोन. (किती बेल्ट लागतात ते उत्पादकाच्या कॅटलॉगमधून काढायचं. तो वेगळा विषय आहे. इथे दोन निघाले असं धरू.) मोटर आणि चक्की एकाच पातळीवर, म्हणजे बेल्ट आडवा.

सुरुवात मोजमापापासून

मशीन बंद करा. नुसतं बटण दाबून नाही. मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात, आणि बोर्डवर "काम चालू आहे" अशी पाटी. त्यानंतरच गार्ड उघडायचा. बेल्ट आणि पुली जिथे एकत्र येतात तिथे सैल बाही, ओढणी, गळ्यातला मफलर क्षणात आत ओढला जातो. गिरणीत गिऱ्हाईकांची गर्दी असते, लहान मुलं असतात. मोजमाप संपलं की गार्ड परत बसवल्याशिवाय मोटर चालू करायची नाही.

आता मोजायचं काय? मोटरच्या नेमप्लेटवरून किलोवॅट आणि आरपीएम. दोन्ही पुलींचे व्यास. व्ही-बेल्टच्या हिशोबात पुलीचा पिच व्यास धरतात, बाहेरचा नाही. बेल्टमधल्या दोऱ्या ज्या वर्तुळावर बसतात तो पिच व्यास, आणि तो बाहेरच्या व्यासापेक्षा थोडा कमी असतो. पुलीवर किंवा तिच्या बिलावर बहुधा तोच आकडा लिहिलेला असतो. मग दोन शाफ्टच्या केंद्रांमधलं अंतर. आणि एक माप बहुतेक जण विसरतात: पुलीच्या रुंदीच्या मध्यापासून जवळच्या बेअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते लिहून ठेवा, शेवटी फार कामाला येईल.

बेल्टचा वेग आणि निव्वळ ओढ

बेल्टचा वेग = ३.१४१६ × लहान पुलीचा व्यास मीटरमध्ये × आरपीएम ÷ ६०

म्हणजे ३.१४१६ × ०.१५ × १४४० ÷ ६० = ११.३१ मीटर प्रति सेकंद.

चक्कीवर भार सारखा नसतो. ओले गहू, हरभरा, मध्येच अडकलेला खडा. म्हणून मोटरची शक्ती जशीच्या तशी न घेता सर्व्हिस फॅक्टरने गुणतात. मशीन कुठलं आणि रोज किती तास चालतं, यावरून कॅटलॉग हा आकडा देतं. आपण १.२ धरू. ५.५ × १.२ = ६.६ किलोवॅट, म्हणजे ६६०० वॅट.

निव्वळ ओढ = वॅट ÷ वेग = ६६०० ÷ ११.३१ = ५८४ न्यूटन.

पडताळा लगेच घ्या, ही सवय लावून घ्या. टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम = ९५५० × ६.६ ÷ १४४० = ४३.८ न्यूटन-मीटर. त्याला लहान पुलीच्या त्रिज्येने, ०.०७५ ने, भागा. पुन्हा ५८४. दोन वाटांनी एकच आकडा आला म्हणजे एककांची गफलत झालेली नाही. नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात: मिमीचं मीटर करायचं राहतं, किंवा त्रिज्येऐवजी व्यास घेतला जातो.

पुली लहान केली तर काय होतं, तेही आताच बघा. १५० ऐवजी १२५ मिमीची पुली बसवली की वेग ९.४२ वर येतो आणि ओढ ७०० न्यूटन होते. शक्ती तीच, बळ वीस टक्क्यांनी जास्त. जागा वाचते म्हणून लहान पुली बसवणाऱ्याला हा हिशोब दाखवा. बी सेक्शनच्या बेल्टला १२५ मिमीपेक्षा लहान पुली तर वापरूच नये, बेल्ट प्रत्येक फेरीला गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि आतून तडकतो.

बरेच जण इथेच थांबतात. ५८४ न्यूटन म्हणजे साधारण ६० किलो, एवढाच भार शाफ्टवर, असं समजून बेअरिंग निवडतात.

घट्ट बाजू, सैल बाजू

बेल्ट चालताना त्याची एक बाजू ताणलेली असते, दुसरी ढिली. मोटरची पुली ज्या बाजूने बेल्ट स्वतःकडे ओढून घेते ती घट्ट बाजू. जिथून सोडते ती सैल. ५८४ न्यूटन हा या दोन ताणांमधला फरक झाला. पण सैल बाजूचा ताण शून्य करून चालत नाही. तो शून्य झाला तर बेल्ट पुलीवर दाबलाच जाणार नाही, घर्षण उरणार नाही, पुली आतल्या आत फिरत राहील. किती ताण शिल्लक ठेवावा लागतो, ते ज्या समीकरणातून निघतं त्याचं मूळ अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाकडे जातं:

घट्ट ताण ÷ सैल ताण = २.७१८ चा (घर्षणांक × वेढ्याचा कोन) इतका घात

वेढ्याचा कोन म्हणजे बेल्ट पुलीला जेवढ्या कोनातून कवेत घेतो तेवढा. दोन्ही पुली सारख्या असतील तर १८० अंश. वेगळ्या असतील तर लहान पुलीवर कमी, मोठीवर जास्त. बेल्ट घसरतो तो लहान पुलीवर, म्हणून हिशोब लहान पुलीचा.

आपल्या गिरणीत: व्यासांतला फरक ३००. त्याला अंतराच्या दुपटीने, १५०० ने, भागलं की ०.२. ज्याचा साइन ०.२ आहे तो कोन ११.५४ अंश. वेढा = १८० − २ × ११.५४ = १५७ अंश, रेडियनमध्ये २.७४. समीकरणात नेहमी रेडियन घालायचे.

आता घर्षणांक. इथे जरा थांबायला हवं, कारण पुस्तकातला आकडा आणि कामावरचा आकडा इथे वेगळे होतात.

रबर आणि बीड यांच्यातला घर्षणांक ०.३ धरा. सपाट पट्टा असेल तर ०.३ × २.७४ = ०.८२, आणि गुणोत्तर येतं २.२७. व्ही-बेल्ट मात्र खाचेत पाचरीसारखा रुततो. लहान बी पुलीच्या खाचेचा कोन ३४ अंश असतो, त्याच्या निम्म्याचा, म्हणजे १७ अंशांचा, साइन ०.२९२. ०.३ ला ०.२९२ ने भागलं की परिणामी घर्षणांक १.०२६ होतो आणि गुणोत्तर थेट १६.६ वर जातं. परीक्षेत हेच उत्तर बरोबर. त्यावरून सैल बाजूचा ताण निघतो अवघा ३७ न्यूटन.

गिरणीत ३७ न्यूटनवर बेल्ट लावून बघा. पहिला हरभरा पडला की किंचाळेल. १६.६ ही घसरण्याच्या अगदी काठावरची सीमा आहे, आणि तीही खाच नवी, कोरडी, स्वच्छ असताना. प्रत्यक्षात खाचा झिजतात, पीठ बसतं, बेल्टची बाजू गुळगुळीत होते. म्हणून बेल्ट बनवणाऱ्यांनी व्ही-बेल्टसाठी एक सुरक्षित रीत ठरवली आहे: १८० अंश वेढ्याला गुणोत्तर ५ धरायचं. उलट मांडलं तर परिणामी घर्षणांक ०.५१२. माझं स्पष्ट मत आहे की कामावर हाच आकडा वापरावा.

०.५१२ × २.७४ = १.४०, आणि २.७१८ चा १.४० वा घात म्हणजे ४.०७.

पुढचं सोपं. सैल ताण = ५८४ ÷ (४.०७ − १) = १९० न्यूटन. घट्ट ताण = १९० + ५८४ = ७७४ न्यूटन. हे दोन्ही बेल्ट मिळून. मोठ्या पुलीवर पडताळा: (७७४ − १९०) × ०.२२५ = १३१ न्यूटन-मीटर. मोटरच्या ४३.८ च्या बरोबर तिप्पट, कारण वेग तीन पटीने उतरला आहे. जुळलं.

शाफ्टवरचं बळ: बेरीज, पण दिशेसकट

दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असत्या तर नुसती बेरीज केली असती, ७७४ + १९० = ९६४. पण त्या दोन पुलींमधल्या मध्यरेषेशी वर-खाली ११.५४ अंश तिरक्या आहेत. कागदावर एक आडवी रेघ काढा आणि दोन्ही ताणांचे दोन तुकडे करा, रेघेच्या दिशेचा आणि रेघेशी काटकोनातला.

रेघेच्या दिशेने: ९६४ × कोसाइन ११.५४ = ९६४ × ०.९८ = ९४५ न्यूटन, लहान पुलीला मोठीकडे ओढणारं.

काटकोनात: (७७४ − १९०) × साइन ११.५४ = ५८४ × ०.२ = ११७ न्यूटन.

एकूण: √(९४५² + ११७²) = ९५२ न्यूटन. दिशा मध्यरेषेपासून ७ अंश. लहान पुलीवर घट्ट बाजूकडे कललेली, मोठ्या पुलीवर नेमकी उलट. कारण मोठ्या पुलीवरून बघितलं तर घट्ट बाजू मध्यरेषेकडे झुकत येते. ही आकृती एकदा स्वतःच्या हाताने काढा. नुसतं वाचून दिशा लक्षात राहत नाही.

निव्वळ ओढ ५८४, आणि शाफ्टवर ९५२. कोसाइनमुळे ९६४ चे ९५२ झाले, म्हणजे सव्वा टक्काच फरक. त्यामुळे घाईत असाल तर दोन ताणांची साधी बेरीज घ्या, चूक सुरक्षित बाजूला राहते. फक्त पुलींच्या व्यासांत फार फरक असेल आणि शाफ्ट जवळजवळ असतील तेव्हा तिरकेपणा मोजायला हवा.

हेच काम सपाट पट्ट्याने केलं असतं तर? गुणोत्तर २.२७. सैल ताण ४५८, घट्ट १०४२, शाफ्टवर १४७४ न्यूटन. दीडपटीहून जास्त. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली स्थापन झाली, खडकीत कारखाना उभा राहिला, आणि गावोगावी इंजिनावर सपाट पट्टा चढवून गिरण्या नि पंप चालले. त्या जुन्या गिरण्यांच्या शाफ्टची जाडी आणि बेअरिंग ब्लॉकचा आकार पाहिलात तर तो उगाच नव्हता हे या एका आकड्यावरून कळतं.

थांबलेल्या बेल्टचा ताण

आतापर्यंतचं बळ चालत्या बेल्टचं. पण फिटर बेल्ट ताणतो तो मशीन बंद असताना. तेव्हा दोन्ही बाजूंना ताण सारखाच असतो, घट्ट आणि सैल ताणांची सरासरी. (७७४ + १९०) ÷ २ = ४८२ न्यूटन.

त्यात एक भर घालायची आहे. बेल्ट पुलीवरून वळताना स्वतःच्या वजनामुळे बाहेर फेकला जाऊ पाहतो, म्हणून चालताना त्याची पकड थोडी कमी होते. ही तूट आधीच भरून ठेवावी लागते. ती = बेल्टचं दर मीटर वजन × वेगाचा वर्ग. बी बेल्टचं वजन मीटरला सुमारे ०.१९ किलो. ०.१९ × ११.३१² = २४ न्यूटन एका बेल्टला, दोघांचे जवळपास ४९. कमी वेगात हा आकडा किरकोळ असतो, पण वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. पंचवीस मीटरच्या पुढे याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

म्हणजे बंद अवस्थेत एका बाजूचा ताण ४८२ + ४९ = ५३१ न्यूटन, एका बेल्टमध्ये साधारण २६५. शाफ्टवर = २ × ५३१ × ०.९८ = १०४१ न्यूटन. मशीन बंद असताना शाफ्टवरचा भार चालू असतानापेक्षा जास्त! ऐकायला विचित्र वाटेल, पण आकडे समोर आहेत. फेकला जाण्याचा ताण बेल्टमध्येच राहतो, पुलीला तो दाबत नाही, म्हणून चालताना तेवढा भार उतरतो.

शिवाय नवा बेल्ट पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि सैल पडतो. म्हणून नवा बेल्ट १.३ पट ताणून लावतात: १०४१ × १.३ = १३५३ न्यूटन. सुमारे १३८ किलो. शाफ्ट आणि बेअरिंग या आकड्याला तपासायची. जिथून सुरुवात केली त्या ५८४ च्या हे सव्वादोन पटीहून जास्त आहे.

पुलीचं वजन

बिडाची ४५० मिमीची पुली हलकी नसते. समजा २० किलो, म्हणजे १९६ न्यूटन, सरळ खाली. आपला बेल्ट आडवा आहे, म्हणून √(१३५३² + १९६²) = १३६७. फारसा फरक नाही. पण जागा नाही म्हणून मोटर चक्कीच्या बरोबर खाली बसवली असती तर दोन्ही बळं एकाच दिशेने, १५४९. मोटर वर पोटमाळ्यावर असती तर ११५७. मांडणी बदलताना हा हिशोब पुन्हा करा.

बेअरिंगवर किती?

इथे ते सुरुवातीला मोजून ठेवलेलं अंतर लागतं. आपल्या चक्कीच्या शाफ्टवर पुली बेअरिंगच्या बाहेर लटकते. पुलीच्या मध्यापासून जवळचं बेअरिंग ९० मिमी, दोन बेअरिंगमधलं अंतर ३०० मिमी.

जवळच्या बेअरिंगवर = १३६७ × (३०० + ९०) ÷ ३०० = १७७७ न्यूटन.
लांबच्या बेअरिंगवर = १३६७ × ९० ÷ ३०० = ४१० न्यूटन, उलट दिशेने.

जवळच्या बेअरिंगवर पुलीवरच्या बळापेक्षाही जास्त भार आला. तरफेचा नियम आहे, त्याला इलाज नाही. म्हणूनच तक्रार नेहमी "पुलीच्या बाजूच्या" बेअरिंगची असते.

शाफ्टला वाकवणारा मोमेंट = १३६७ × ०.०९ = १२३ न्यूटन-मीटर. शाफ्ट ४० मिमीचा असेल तर वाकवण्याचा ताण = ३२ × १,२३,००० ÷ (३.१४१६ × ४०³) = १९.६ न्यूटन प्रति चौरस मिमी. पिळाचा टॉर्क १३१ धरूनही साध्या माइल्ड स्टीलच्या, चावीची खाच असलेल्या शाफ्टला हे झेपतं.

आता पुली हबवरून फक्त ६० मिमी बाहेर सरकवा, गार्ड नीट बसत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी सरकवतात. अंतर १५० झालं. जवळच्या बेअरिंगवर २०५० न्यूटन, मोमेंट २०५ न्यूटन-मीटर. बेल्ट तोच, ताण तोच, मोटर तीच, आणि मोमेंट दोन तृतीयांशाने वाढला. पुली बेअरिंगला जमेल तितकी चिकटून बसवा, यापेक्षा स्वस्त सुधारणा दुसरी नाही. गार्ड आडवा येत असेल तर गार्ड कापून घ्या.

बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, एक अष्टमांश होतं. "जरा कसून" लावलेला बेल्ट बहुधा हिशोबाच्या दुप्पट ताणलेला निघतो. सहा वर्षं चालायचं ते बेअरिंग नऊ महिन्यांत का जातं, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. मोटरच्या बाजूलाही तेच लागू. ५.५ किलोवॅटची चार पोलची मोटर १३२ फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे मोटरच्या सांगाड्याचं ठरलेलं माप) येते, शाफ्ट ३८ मिमीचा, आणि त्यावर कुठल्या अंतरावर किती आडवं बळ चालेल याचा तक्ता मोटरच्या कॅटलॉगमध्ये असतो. आपले १३५३ न्यूटन त्या तक्त्यात बसतात का ते मोटर घेण्यापूर्वी बघा.

दुकानात कुठला बेल्ट मागायचा?

लांबी = २ × ७५० + १.५७ × (४५० + १५०) + ३००² ÷ (४ × ७५०) = १५०० + ९४२ + ३० = २४७२ मिमी. ही पिच लांबी. दुकानात बी बेल्ट आतल्या लांबीच्या इंचांवर मिळतो. बी सेक्शनला ४३ मिमी वजा करा: २४२९ मिमी, म्हणजे ९५.६ इंच. "बी-९६" मागा. मोटर स्लाइड रेलवर चार-पाच मिमी मागे सरकेल, बास. दोन्ही बेल्ट एकाच कंपनीचे, एकाच वेळी घ्या. एक जुना आणि एक नवा असेल तर सगळा भार नव्यावर येतो आणि वरचा सगळा हिशोब फुकट जातो.

आकडा बेल्टवर उतरवायचा कसा

एका बेल्टमध्ये २६५ न्यूटन ताण आहे हे कळणार कसं? मीटर नको. एक स्प्रिंगचा काटा, एक पट्टी आणि थोडा दोरा पुरतो.

दोन पुलींमधला मोकळा बेल्ट आपल्याकडे ७३५ मिमी लांब आहे. दोन्ही पुलींच्या वरच्या कडांवरून दोरा ताणून धरा, म्हणजे बेल्ट किती खाली गेला ते मोजायला रेघ मिळाली. काट्याचा हुक बेल्टच्या बरोबर मध्यावर अडकवा आणि काटकोनात ओढा. मीटरला १६ मिमी या नियमाने ७३५ मिमीला जवळपास १२ मिमी बेल्ट वाकला पाहिजे. तेवढा वाकवायला लागणारं बळ = ४ × ताण × वाक ÷ लांबी = ४ × २६५ × १२ ÷ ७३५, साधारण १७ न्यूटन. काट्यावर पावणेदोन किलो. नव्या बेल्टला २२ न्यूटन, सव्वादोन किलो. बेल्ट स्वतः थोडा ताठ असतो, त्यामुळे प्रत्यक्षात काटा किंचित वर दाखवतो. कॅटलॉगमधले तक्ते या मापाच्या बी बेल्टला २० ते ३० न्यूटन सांगतात, तो आकडा बेल्टची पूर्ण क्षमता धरून असतो. आपला नव्या बेल्टचा आकडा त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसतो, म्हणजे ठीक आहे.

काटा पाच किलो दाखवत असेल तर तुमच्या बेअरिंगचं दुखणं सापडलं.

मोटर मागे सरकवताना दोन्ही बोल्ट सारखे फिरवा, दर वेळी पट्टीची धार दोन्ही पुलींना टेकवून त्या एका रेषेत आहेत का बघा. पुली हाताने दोन-चार फेऱ्या फिरवा, मगच पुन्हा काटा लावा, नाहीतर ताण एकाच बाजूला साठलेला असतो. अर्धा तास भाराखाली चालवून एकदा आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकदा तपासा. तेव्हा २२ चे १७ पर्यंत उतरलेले असणं ठीकच, त्याच्या खाली गेलं असेल तर पुन्हा ताणा. व्ही-बेल्टवर राळ किंवा कुठलंही चिकट औषध लावू नका, त्याला पीठ चिकटतं आणि महिनाभरात खाच भरून येते.

आयडलर असेल तर

अंतर बदलता येत नाही तिथे बेल्ट ताणायला तिसरी छोटी पुली लावतात. तिच्यावरचं बळ = २ × त्या बाजूचा ताण × साइन (बेल्ट तिथे जितका वळतो त्याच्या निम्मा कोन). बेल्ट ३० अंश वळत असेल तर सैल बाजूला २ × १९० × ०.२५९ = ९८ न्यूटन. घट्ट बाजूला २ × ७७४ × ०.२५९ = ४०१. म्हणून आयडलर सैल बाजूलाच. मोटरचं वायरिंग काढून पुन्हा जोडताना दोन फेज अदलाबदल झाल्या, तर मोटर उलटी फिरते, सैल बाजू घट्ट होते, आणि आयडलरच्या बेअरिंगवर चौपट भार येतो. बेल्ट चढवण्याआधी मोटर एक झटका देऊन कुठल्या दिशेने फिरते ते बघून घ्या.